कोंडलेला माणूस आणि कडीबाहेरचा माणूस

एखाद्या माणसाला चार भिंतींत एकटें पाडावयाचें, बाहेरची वाट बंद करावयाची आणि मग त्याच्या मनाचा तळ प्रेक्षकांस दाखवावयाचा, ही युक्ति रंगभूमीनें व चित्रपटानें फार दिवसांपासून वापरली आहे. अशा चित्रपटांतील भयाची, अभिनयाची, छायालेखनाची चर्चा पुष्कळ होते. पण कोंडण्यासाठीं नेमका कोण निवडला आणि दाराबाहेर कोणास उभें केलें, हें क्वचितच विचारलें जातें. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कारण कोणत्या माणसाच्या मनाला तळ आहे असें आपण मानतों, तें त्यावरून कळतें.

मराठींत विजय तेंडुलकर यांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ प्रथम आठवतें. नाटक १९६७ सालचें. सत्यदेव दुबे यांनीं त्यावरून १९७१ सालीं चित्रपट केला. खेड्यांतील एका सभागृहांत शहरांतील हौशी नाटक मंडळी जमतात, वेळ घालविण्यासाठीं खोटा खटला मांडतात, आणि पाहतां पाहतां तो लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या खाजगी आयुष्यावरचा खरा खटला होऊन बसतो. ती जाऊं पाहते, तों दाराला बाहेरून कडी लागलेली. बेणारे एकटी पडते ती भोंवतीं माणसें नसल्यामुळें नव्हे, तर असल्यामुळें! स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या स्त्रीच्या बाजूनें प्रेक्षकांस पाहावयास लावणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती, आणि सुलभा देशपांडे यांनीं ती रंगभूमीवर व पडद्यावर दोन्हीकडे साधली.

परंतु आमचें लक्ष पुनःपुन्हां सामंताकडे जातें. तो त्या गांवचा भोळा गृहस्थ. मंडळी त्याला साक्षीदार करतात आणि तो बिचारा एका कादंबरींतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. नेमका तोच बेणारेच्या वर्मीं लागतो. सभागृह गांवाचें, वेदना शहराची, आणि गांवकऱ्याच्या वांट्यास आलीं तीं उसनीं वाक्यें! तेंडुलकरांनीं हें जाणून केलें असावें असें आम्हांस वाटतें. पुढील चित्रपटांविषयीं तसें म्हणवत नाहीं.

रामगोपाल वर्मा यांच्या ‘कौन?’ (१९९९) या हिंदी चित्रपटांत एक घर, तीन पात्रें, आणि गाणें एकहि नाहीं. ऊर्मिला मातोंडकर यांच्या भूमिकेला तर नांवच नाहीं. नांव नाहीं म्हणजे प्रांत नाहीं, जात नाहीं, मायबोली नाहीं. अशी कोरी स्त्री भयकथेस सोयीची पडते, एवढेंच म्हणतों. शेवट सांगून वाचकांचा रसभंग करीत नाहीं.

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ २०१७ सालीं प्रदर्शित झाला. मुंबईंतील प्रभादेवीच्या एका रिकाम्या गगनचुंबी इमारतींत राजकुमार राव अडकतो. अन्न नाहीं, पाणी नाहीं, वीज नाहीं. खालीं रखवालदार आहे, पण तो कानानें अधू. त्याचें बहिरेपण म्हणजे कथेची एक अडचण, त्यापलीकडे कांहीं नाहीं. वस्तुतः त्या ओसाड इमारतींत रात्रंदिवस तोहि एकटाच आहे. त्याचें गांव कोणतें, घरीं कोण वाट पाहतें? कॅमेरा त्याला उंचावरून पाहतो, ठिपक्याएवढा.

आमची निगडी कारखान्यांच्या पट्ट्यांत आहे. येथें परप्रांतीय कामगार भाड्याच्या खोल्यांत दाटीनें राहतात. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, कारखाने थांबले, रेल्वेच्या प्रवासी गाड्याहि बंद पडल्या. श्रमिकांसाठींच्या विशेष गाड्या मे महिन्यांत सुरू झाल्या. मधल्या काळांत देशभर कित्येकांनीं पायींच गांवची वाट धरली. जे खोलींत राहिले त्यांचा एकांत बेणारेच्या जातीचा, माणसांच्या गर्दींतला. त्यावर चित्रपट काढावयाचा तर तो एका भाषेंत निभणार नाहीं. एक जण ओडियांत घरीं बोलेल, दुसरा भोजपुरींत, आणि भाडें मागावयास आलेला घरमालक मराठींत. त्या घरमालकाचेंहि काम एखाद्या चांगल्या नटाकडे द्यावें लागेल.