पवनीचा स्तूप आणि ध्यानी भिक्षूंचें आरोग्य



भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी हें प्राचीन गांव आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातें यांनीं १९६९-७० सालीं डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां जगन्नाथ टेकडींत ख्रिस्तपूर्व काळांतील बौद्ध स्तूप उजेडांत आला. त्याच्या शिलास्तंभांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. मुचलिंद नागाचें शिल्पहि तेथें सांपडलें. ध्यानस्थ बुद्धावर सात दिवस पाऊस कोसळत असतां या नागानें फणांचें छत्र धरलें, अशी कथा आहे. ध्यान मनानें करावयाचें खरें, परंतु पावसांत भिजतें तें शरीर. त्याची काळजी घेतल्यावांचून ध्यान टिकत नाहीं, हें त्या शिल्पाकडे पाहून सहज ध्यानांत येतें.

भिक्षूंनीं ही काळजी कशी घ्यावी, याचे नियम पाली विनयपिटकांत आहेत. ते कोणीं एका बैठकींत लिहून काढलेले नाहींत. अडचण उद्भवली म्हणजे नियम, आणि नियम जाचूं लागला म्हणजे सूट, अशी त्यांची घडण आहे. माध्यान्हीनंतर जेवूं नये, दांतवण करावें, आजाऱ्यास तूप, लोणी, तेल, मध व गूळ औषध म्हणून घेण्यास हरकत नाहीं. बसून अंग आंबलें म्हणजे चंक्रमण करावें, म्हणजे ठराविक वाटेनें सावकाश येरझारा घालाव्या. त्यानें प्रवासाची ताकद येते, अन्न पचतें, रोग कमी होतात आणि समाधि टिकते, असें सांगितलें आहे.

स्नानाची हकीकत मौजेची आहे. राजगृहाच्या ऊन झऱ्यांवर भिक्षूंनीं इतका वेळ लावला कीं खुद्द बिंबिसार राजास ताटकळत राहावें लागलें. त्यावरून पंधरा दिवसांतून एकदांच स्नान करावें, असा नियम झाला. उन्हाळा, आजार, श्रम व प्रवास यांस मात्र अपवाद ठेवला. पुढें महाकात्यायनांनीं अवंति-दक्षिणापथांतून शिष्यामार्फत विनंति केली कीं, येथील लोक स्नानास फार मानतात, आणि जमीन गुरांच्या खुरांनीं तुडविलेली, टणक आहे. तेव्हां मध्यदेशाबाहेरील सर्व प्रांतांना नित्य स्नानाची व जाड वहाणांची परवानगी मिळाली. आपला विदर्भहि त्यांतच मोडतो.

शरीराप्रमाणेंच मनाचाहि विचार तेथें आहे. सोण कोळिविस हा श्रीमंताचा सुकुमार मुलगा. चंक्रमण करतां करतां त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन शांत होईना. निराश होऊन तो घरीं परतण्याचा विचार करूं लागला. वीणेची तार फार ताणली वा फार सैल सोडली तर सूर लागत नाहीं, हें बुद्धानें त्यास समजाविलें. वैशालीची घटना याहून भयंकर होती. देहाच्या अशुभतेचें चिंतन करतां करतां कित्येक भिक्षूंना स्वतःच्या शरीराची एवढी किळस आली कीं ते प्राणांस मुकले. तेव्हां बुद्धानें उरलेल्यांस आनापानसति, म्हणजे श्वासाकडे शांतपणें लक्ष ठेवण्याचा सौम्य मार्ग शिकविला. औषध मानवत नसेल तर सुज्ञ वैद्य औषध बदलतो. तसेंच हें झालें.

एक भिक्षु अतिसारानें आपल्याच मळांत पडला होता. तो आमच्या उपयोगी पडत नाहीं, म्हणून आम्ही त्याची शुश्रूषा करीत नाहीं, असें इतरांनीं सांगितलें. बुद्धानें आनंदाला हाताशीं घेऊन त्यास स्वतः न्हाऊं घातलें आणि संघास बजाविलें कीं, तुम्हांस येथें आईबाप नाहींत. तुम्हीच एकमेकांस पाहिलें पाहिजे. पुढें शुश्रूषा करणाऱ्याचीं लक्षणेंहि ठरलीं: त्यास औषध तयार करतां यावें, मळाची किळस नसावी, आणि बोलून रोग्याचें मन प्रसन्न करतां यावें.

इगतपुरीस १९७६ सालापासून विपश्यनेचीं शिबिरें भरतात. तेथेंहि आरंभ आनापानानेंच होतो, आणि जुने साधक माध्यान्हीनंतर जेवत नाहींत. ध्यानाकडे वळणाऱ्यांनीं हे नियम जरूर पाळावे. परंतु शेजारच्या साधकाची मुद्रा उतरली असेल, तर आसन सोडून आधीं त्याची विचारपूस करावी. विनयपिटकाची शिकवण तीच आहे.