चंदगड वगळून

शिनोळीच्या पुढे बाची लागते आणि रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलते. बोली बदलत नाही. आम्हां चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळचे. ही सीमा आखणाऱ्या १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात आमच्या तालुक्याचे नाव अपवाद म्हणून येते. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात जाईल, असे त्यात म्हटले आहे.

या अपवादामागे फाजल अली आयोगाचा १९५५ चा अहवाल होता. मराठी बहुसंख्य म्हणून त्याने चंदगड मुंबई राज्यात ठेवला. बेळगाव शहराबाबत मात्र, जिल्ह्याचे बहुतेक तालुके कर्नाटकात जात असतील तर मुख्यालयही तिकडेच जावे, हा प्रशासकीय विचार वरचढ ठरला. एकाच जिल्ह्याला दोन मापे लागली.

अशा निर्णयाविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येते का? बाबुलाल पराते यांनी ती मागितली. विषय बेळगावचा नव्हता, द्वैभाषिक मुंबई राज्याचा होता. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. मुंबई विधिमंडळाने मत दिले ते त्या आराखड्यावर. पुढे संसदेने त्यात बदल करून एकच राज्य केले. त्यावर विधिमंडळाला पुन्हा विचारायला हवे होते, आणि अनुच्छेद ३ मधील ‘राज्य’ म्हणजे तिथली जनताही, असे पराते यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ते फेटाळले. विधेयक एकदा विधिमंडळाकडे गेले की अट पूर्ण होते. प्रत्येक दुरुस्तीसाठी ते परत पाठवण्याची गरज नाही.

म्हणजे सीमेच्या प्रश्नात व्यक्तीचा हक्क तराजूत पडतच नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावाही अनुच्छेद १३१ खालचा. त्यात पक्षकार असतात राज्ये आणि केंद्र. ज्याचे घर सीमेवर आहे तो माणूस नसतो.

व्यक्ती तराजूत येते ती भाषेच्या प्रश्नात. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये ठरले की भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून पाहायचे. त्यामुळे शिनोळीत बहुसंख्य असलेला मराठी माणूस बाचीत अल्पसंख्याक होतो, आणि अनुच्छेद ३० चे शाळा चालवण्याचे संरक्षण त्याला मिळते. पण त्या संरक्षणाला मर्यादा आहे, आणि ती महाराष्ट्रातूनच आलेल्या खटल्याने सांगितली. पाचवीपासून मराठी सक्तीची करण्याला गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळेने आव्हान दिले होते. २००४ च्या उषा मेहता निकालात न्यायालयाने सांगितले, की प्रादेशिक भाषा न शिकण्याचा हक्क या संरक्षणात सामावलेला नाही. आपल्याकडे हा निकाल मराठीचा विजय वाटतो. तेच तत्त्व बेळगावच्या मराठी शाळेत कन्नड विषयाला लागू होते, याचा विचार आपण सहसा करत नाही.

दुसरी बाजू २०१४ मध्ये आली. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच हवे, असा कर्नाटकाचा १९९४ चा आदेश होता. घटनापीठाने तो टिकू दिला नाही. माध्यम निवडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि मुलाच्या वतीने ती निवड पालक करतील. राज्याने मातृभाषाही लादू नये, असे त्याने ठरवले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर रेषा दिसते: भाषा विषय म्हणून शिकवण्यात लोकहित जड, माध्यम ठरवण्यात व्यक्ती जड. या दुसऱ्या हक्काने मराठी शाळा वाचतीलच असे नाही; पालक इंग्रजीही निवडू शकतात.

आमच्या तालुक्याचे भाग्य ‘वगळून’ या एका शब्दाने ठरले. पलीकडच्यांसाठी न्याय मागताना मला म्हणून एक पथ्य पाळावेसे वाटते: बेळगावच्या मराठी मुलासाठी जो हक्क मागू, तो मुंबईच्या गुजराती मुलाला नाकारू नये.