रिद्धपूर ते नागपूर : वेडाचा प्रवास

चांदूर बाजारजवळच्या रिद्धपुरात तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. लोकांनी त्यांना वेडं म्हटलं आणि देवही मानलं. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी त्यांच्या लीला लिहून ठेवल्या.

पुढे काही शतकांनी, 1864 साली नागपुरात वेड्यांचं इस्पितळ निघालं. वेडाला भिंती आल्या, 1912मध्ये नवा कायदाही.

दरम्यान 1899मध्ये जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी दोन आजार वेगळे केले : एकात बुद्धी खालावत जाते, दुसऱ्यात उन्माद आणि खिन्नता येतात-जातात. आज त्यांना ढोबळमानाने स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर म्हणतात. पुढच्या काळात बौद्धिक क्षमतांच्या चाचण्यांत मात्र ही वाटणी इतकी काटेकोर राहिली नाही. स्मरण, एकाग्रता, नियोजन दोन्हींत अडखळतं. स्किझोफ्रेनियात साधारणपणे जास्त. बायपोलरमध्ये मन स्थिरावल्यावरही उणीव उरू शकते.

म्हणून भास थांबले, झोप लागली, तरी दुकानाचा हिशेब चुकू शकतो. घरच्यांनी त्याला आळस समजू नये.