कमी बजेटमध्ये पहिला क्रॉसबो घ्यायचाय? 'बाय नाऊ' दाबण्याआधी एवढं वाचा

रील्स बघता बघता एखादा क्रॉसबोचा व्हिडिओ समोर येतो. ट्रिगर दाबला, खट्‌ आवाज आला आणि बाण थेट बाटलीत. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न: "भाऊ, केवढ्याला मिळतो?"

जालन्यात बसून हा प्रश्न पडला असेल तर किंमत सर्वांत शेवटी बघा. आधी तीन गोष्टी ठरवा: चालवणार कुठे, शिकवणार कोण आणि पुढे त्याचं करायचं काय. छंद एका महिन्यात माळ्यावर जाणार की दहा वर्षं टिकणार, हे या तीन उत्तरांवर ठरतं.

क्रॉसबो आणि धनुष्यात फरक काय?

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी एकदा ओढून खटक्यात अडकवली की ती तिथेच थांबते. नेम धरताना हाताला ताण नसतो, फक्त ट्रिगर दाबायचा. त्यामुळे नवख्याचाही पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी नेम लागतो.

साध्या धनुष्यात दोरी स्वतः ओढून, स्थिर धरून, नेमक्या क्षणी सोडावी लागते. ते शिकायला महिने जातात, पण खेळ तोच आहे.

'८० पाउंड' म्हणजे खूप ताकद?

ऑनलाइन जाहिरातींत सगळ्यात मोठ्या अक्षरात हाच आकडा असतो आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. बाणाला मिळणारी शक्ती मात्र दोरी किती अंतर ढकलते यावरही अवलंबून असते.

छोट्या पिस्तूल क्रॉसबोची दोरी जेमतेम ६-७ इंच सरकते, तर धनुष्याची साधारण २० इंच. म्हणून ८० पाउंडच्या पिस्तूल क्रॉसबोत आणि ३० पाउंडच्या धनुष्यात साठणारी शक्ती जवळपास सारखीच भरते. मोठा आकडा बघून हुरळू नका. पण त्याला खेळणंही समजू नका, एवढी शक्ती माणसाला गंभीर जखमी करायला पुरेशी आहे.

स्पर्धा खेळायच्या असतील तर?

क्रॉसबोची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना १९५६ पासून आहे आणि १० व ३० मीटरवर त्याच्या स्पर्धाही होतात. मात्र ऑलिम्पिक आणि एशियन गेम्समध्ये क्रॉसबो नाही. तिथे आहे ती धनुर्विद्या. रिकर्व्ह धनुष्याने ७० मीटरवर आणि चाकं असलेल्या कंपाउंड धनुष्याने ५० मीटरवर नेम साधतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही असणार आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार खेळला जातो, इंडियन राउंड. यात बांबू-लाकडाचं साधं धनुष्य वापरतात. शालेय क्रीडा स्पर्धांत धनुर्विद्या आहे, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी धनुर्विद्येतली पात्र कामगिरी धरली जाते. घरच्यांना "हे कशासाठी?" याचं उत्तर द्यायचं असेल, तर हा मुद्दा मोठा आहे.

उदाहरणं लांबची नाहीत. शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी ५ ऑगस्टला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. दोघांनीही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे सराव केला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या घरातला प्रवीण जाधव सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि टोकियो ऑलिम्पिक खेळला. या सगळ्यांची वाट मैदान आणि प्रशिक्षक यांच्यातून गेली. स्पर्धेच्या दर्जाचं सगळं साहित्य दोन-तीन लाखांच्या घरात जातं, पण ती खरेदी बरीच पुढची.

मग कमी पैशांत पहिलं काय घ्यावं?

स्पर्धेचा विचार असेल तर बांबूचं धनुष्य. ते काही हजारांत मिळतं. थोडे जास्त पैसे असतील तर सुट्या भागांचं लाकडी रिकर्व्ह, ज्याची मधली मूठ आणि दोन पाती वेगळी होतात. ताकद वाढली की फक्त पाती बदलायची, अख्खं धनुष्य नाही.

निवडताना चार गोष्टी बघा:

• जोर: मोठ्या मुलांना आणि बहुतेक प्रौढांना सुरुवातीला १६ ते २४ पाउंड पुरतात, लहान मुलांना त्याहून कमी. खुर्चीत बसून, हात वर न झटकता दोरी हनुवटीपर्यंत आली आणि दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरला नाही, तर ते धनुष्य तुमचं. दोरी ओढून पाहिल्यावर हळूच परत आणा. बाण न लावता सोडू नका.
• माप: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि त्याला २.५ ने भागा. तुम्ही दोरी किती ओढणार, याचा तो अंदाज. नवख्याचे बाण त्यापेक्षा एक-दोन इंच लांब असावेत.
• डोळा: दोन्ही हातांच्या पंजांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसते, तो तुमचा प्रमुख डोळा. उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची.
• बाण: सगळे एकाच लांबीचे, वजनाचे आणि तुमच्या धनुष्याला जुळतील एवढ्याच कडकपणाचे. वेगवेगळे बाण वापरले, तर चूक हाताची की बाणाची हे कधीच कळत नाही.

बजेटचा साधा नियम: निम्म्याहून जास्त पैसे धनुष्यावर घालू नका. उरलेल्यात सहा ते आठ बाण, हाताचा गार्ड, बोटांचं चामडी टॅब आणि एक जादा दोरी बसवा. लक्ष्य घरीच होतं: जुने कपडे गोणीत गच्च ठासून भरा. कमी जोराच्या धनुष्याला ते चालतं. पहिले काही आठवडे ५ मीटरवरून, त्यावर गोल न चिकटवता फक्त दोरी सोडण्याचा सराव करा.

आणि जालन्याचा उन्हाळा विसरू नका. सराव संपला की बांबूच्या धनुष्याची दोरी उतरवा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलेलं धनुष्य वाकतं, पात्यांचे थर सुटतात.

तरीही क्रॉसबोच हवा असेल तर?

स्पर्धा नको, फक्त छंद म्हणून लक्ष्यावर नेम साधायचा असेल, तर हरकत नाही. मग हे तपासा:

• साध्या पात्यांचा घ्या. चाकांच्या कंपाउंड क्रॉसबोची दोरी बदलायला बहुतेक वेळा खास प्रेस लागते. साध्याची दोरी घरी बदलता येते.
• सुरक्षेच्या सोयी बघा. दोरी चढवताच आपोआप लागणारा सेफ्टी लॉक, बाण नसताना सुटू न देणारी रचना आणि पुढे पाय अडकवायची रिकीब. दोरी चढवायची कप्पीची रस्सी सोबत मिळाली तर उत्तम, जोर निम्मा लागतो.
• सुटे भाग आधी शोधा. जादा दोरी आणि बाण वेगळे मिळत नसतील, तर तो सौदा स्वस्त नाही. बाणाच्या मागची खाच कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची हवी, नाहीतर दोरी बाणावरून घसरू शकते.
• जुना घेताना पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तिथे चीर आहे. तो सौदा सोडा.

वापरताना अंगठा आणि बोटं कायम दोरीच्या वाटेखाली ठेवा. सुटलेली दोरी बोट कापू शकते. रिकामा क्रॉसबो कधीच सोडू नका, पाती फुटतात. चढवलेला क्रॉसबो मोकळा करायचा तर बाण लावून लक्ष्यावरच मारा.

कायदा आणि शिवार

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीसोबत धारदार आणि इतर घातक हत्यारंही येतात. त्यामुळे "ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतंय" असं धरून चालू नका. खरेदीआधी पोलीस ठाण्यात विचारा आणि बिल जपून ठेवा. लक्ष्यासाठी साध्या टोकाचे बाण पुरतात, शिकारीची पात्यांची टोकं घेऊच नका.

सणासुदीत किंवा आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा शस्त्रंच नाही, तर शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी असते. एरवीही सामान सुटं करून, बंद बॅगेतच न्या.

रोही किंवा रानडुकरं पिकात घुसतात म्हणून क्रॉसबो घ्यायचा विचार असेल, तर तो इथेच सोडा. परवानगीशिवाय वन्यप्राण्याची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. काळवीट तर सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते.

शेतात किंवा मोसंबीच्या बागेत सराव करणार असाल, तर लक्ष्यामागे उंच मातीचा बांध किंवा भिंत हवी. २० पाउंडच्या धनुष्याचा चुकलेला बाणही सहज १०० मीटरच्या आसपास जातो आणि बांधापलीकडे निंदणाऱ्या बाया असू शकतात.

पहिलं पाऊल

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. धनुर्विद्येचा सराव कुठे चालतो, कोण शिकवतं, पुढच्या शालेय स्पर्धा कधी आहेत, हे विचारा. तिथल्या धनुष्यावर महिनाभर हात बसवू द्या. महिन्याने तुम्हाला किती पाउंड झेपतात, बाण किती लांब लागतो आणि मुळात रोज जायची इच्छा टिकते का, हे कळलेलं असेल. खरेदी त्यानंतर करा.