अणुवीज आणि मुळशीची आठवण



पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत वेळ नदीच्या कांठीं तळेगांव ढमढेरे हें गांव आहे. तेथील शेतकऱ्यास विजेची महती पुस्तकांतून शिकवावी लागत नाहीं. २००५ नंतर कांहीं वर्षें ग्रामीण महाराष्ट्रावर भारनियमनाचा अंमल होता. वीज येई ती अपरात्रीं, आणि उसाला दारें धरण्यासाठीं हातांत बॅटरी घेऊन अंधारांत विहीर गांठावी लागे. अशा माणसास कोणी पुढारी विपुल विजेचा मार्ग दाखवूं लागला, तर तो त्याचें म्हणणें मन लावून ऐकणारच.

श्री. पृथ्वीराज चव्हाण यांनीं असा एक मार्ग हिरिरीनें मांडला. ते शिक्षणानें अभियंते. पिलानी येथें व नंतर अमेरिकेंत बर्कली येथें शिकलेले. २००४ ते २०१० पर्यंत ते पंतप्रधानांच्या कार्यालयाचे राज्यमंत्री होते, आणि याच काळांत, २००८ सालीं, अमेरिकेशीं अणुकरार झाला. नोव्हेंबर २०१० मध्यें ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पुढच्याच महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील जैतापूर प्रकल्पासंबंधीं फ्रेंच कंपनीशीं करार झाले. योजना होती सहा अणुभट्ट्यांची. प्रत्येकी १६५० मेगावॅट, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅट. १९६९ सालीं तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें, तेव्हां त्याच्या दोन भट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या योजनेचा आवांका कळून येतो.

राज्यास वीज अपुरी पडते, कोळशाचा धूर परवडणारा नाहीं, म्हणून अणुशक्तीवांचून गत्यंतर नाहीं, असें त्यांच्या बाजूचें म्हणणें होतें. हें म्हणणें पोकळ होतें असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. मग तें माडबनच्या लोकांस कां पटलें नाहीं?

याचें उत्तर शोधण्यास पुणेकरांनीं दूर जावयास नको. १९२१ सालीं याच जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळे शेतकरी सत्याग्रहास उभे राहिले. टाटांचें धरण व्हावयाचें होतें. वीज मुंबईस जावयाची होती, आणि बुडावयाची होती मावळ्यांची भातखाचरें. तेथें जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं जैतापूरसाठीं नऊशेंहून अधिक हेक्टर जमीन घेतली, तीही त्याच कायद्यानें! राज्यकर्ते बदलले, वीज निर्माण करण्याची रीत बदलली. जमीन घेण्याची रीत मात्र तीच राहिली.

फेब्रुवारी २०११ मध्यें मुख्यमंत्री स्वतः माडबनला गेले व विरोधकांसमोर उभे राहिले, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. परंतु जमिनीचा ताबा त्यापूर्वींच घेतला गेला होता, आणि पुष्कळ खातेदारांनीं मोबदल्याचे धनादेश नाकारले होते. आधीं ताबा आणि मग समजूत, हा क्रमच उलटा होता. मार्चमध्यें जपानांत फुकुशिमा येथें अपघात झाला. एप्रिलमध्यें नाटे परिसरांतील आंदोलनाच्या वेळीं पोलिसांच्या गोळीबारांत एक मच्छीमार मरण पावला. २०१३ सालीं मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांवर नेण्यांत आला. पण अद्याप तेथें एकही भट्टी उभी राहिलेली नाहीं.

मुळशीचें धरण बांधून झालें, जैतापूरचें काम अडून राहिलें. परिणाम भिन्न असले तरी बोध एकच आहे. वीज कोठें हवी आणि जमीन कोणाची जाते, या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा निरनिराळ्या गांवांत सांपडतात. शास्त्रज्ञाचें गणित पहिल्या प्रश्नापुरतें पुरतें. दुसऱ्यासाठीं विश्वास लागतो, आणि तो ताब्याच्या नोटिशीपूर्वींच मिळवावा लागतो. १८९४ चा तो कायदा २०१४ च्या आरंभीं इतिहासजमा झाला. तळेगांवच्या विहिरीवर पंपाचा खटका दाबतांना, ही वीज कोणाच्या जमिनीवरून आली, याची आठवण मात्र आपण ठेवली पाहिजे.