राइट बंधूंचे इंजिन आणि जमिनीवर राहिलेली कॉइल

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे झालेल्या उड्डाणांचा विचार बहुधा पंखांची वक्रता व विमानाचा तोल यांच्या अनुषंगाने केला जातो. इंजिनाकडे वळलेले अभ्यासकही त्याचे वजन व शक्ती यांचे गुणोत्तर मांडून थांबतात. सिलिंडरातील वायुमिश्रण पेटविणारी ठिणगी कोठून आणावयाची, हा प्रश्न गौण मानला गेला आहे. वास्तविक घरगुती इंजिनाच्या निर्मात्यास या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पौंडाचा हिशेब ठेवूनच द्यावे लागते.

डिसेंबर १९०२ मध्ये राइट बंधूंनी अनेक कारखान्यांकडे हलक्या इंजिनाची चौकशी केली. आठ अश्वशक्ती आणि फार तर २०० पौंड वजन ही त्यांची मर्यादा होती. समाधानकारक उत्तर न आल्याने त्यांच्या डेटन येथील सायकलींच्या दुकानातील यंत्रकार चार्ल्स टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे इंजिन उभे केले. त्याची कवची ॲल्युमिनियमची ओतीव होती. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत ती फुटली व दुसरी ओतून घ्यावी लागली. सिद्ध झालेले इंजिन सुमारे १८० पौंडांचे असून ते बारा अश्वशक्ती देत असे.

या इंजिनात स्पार्क प्लग नव्हते. प्रत्येक सिलिंडरात विजेचे दोन संपर्कबिंदू होते, एक स्थिर व दुसरा हलता. कॅमच्या योगाने ते एकमेकांस टेकत व नेमक्या क्षणी झटक्याने विलग होत. तुटणाऱ्या प्रवाहाची ठिणगी मिश्रण पेटवी. यास लागणारा प्रवाह अल्प दाबाचा असल्यामुळे फ्लायव्हीलवरून फिरणारा एक लहान मॅग्नेटो पुरेसा होई. मात्र इंजिन हाताने फिरविताना मॅग्नेटोचा वेग अत्यल्प असे व त्याची वीज अपुरी पडे. म्हणून प्रारंभी कोरड्या बॅटऱ्या व एक कॉइल यांचे साहाय्य घेण्यात येई. इंजिन चालू झाले की हे साहित्य विलग करून जमिनीवरच ठेवले जाई. कॉइल इंजिनावर कोठे बसवावयाची, या प्रश्नाचे उत्तर राइट बंधूंनी ती न बसवूनच दिले!

वजन वाचले, परंतु त्याचे मोल द्यावे लागले. ज्वलनकक्षात हलणारा भाग ठेवणे म्हणजे धगीत व काजळीत नाजूक यंत्रणा वागविणे होय.

त्याच वर्षी सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानासाठी चार्ल्स मॅन्ली याने पाच सिलिंडरांचे त्रिज्यीय इंजिन सिद्ध केले होते. त्याची शक्ती सुमारे ५२ अश्वशक्ती, म्हणजे राइट इंजिनाच्या चौपटीहून अधिक होती. मॅन्लीने बॅटरी व कॉइल विमानातच ठेविली, परंतु प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल न देता एकाच कॉइलमधील प्रवाह क्रमाने पाचही सिलिंडरांस पोचविण्याची योजना केली. निव्वळ प्रज्वलनाच्या दृष्टीने ही रचना अधिक प्रगत म्हणावी लागेल. मोटारींत पुढे रूढ झालेल्या पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. तरीही ते विमान ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ या दोन्ही दिवशी पोटोमॅक नदीत कोसळले. त्यात इंजिनाचा दोष नव्हता. यास्तव उड्डाणाच्या यशापयशावरून प्रज्वलनपद्धतीची श्रेष्ठता ठरविणे इतिहासलेखनात सर्वस्वी अनुचित होय. राइट बंधूंची निवड बारा अश्वशक्तीच्या, मिनिटाहूनही कमी काळ हवेत राहिलेल्या यंत्रापुरती योग्य होती, इतकेच म्हणता येते.

स्वतः त्यांनीही ती कायम ठेविली नाही. त्यांच्या नंतरच्या उभ्या सिलिंडरांच्या इंजिनांत उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग आले, आणि ज्वलनकक्षातील तो हलता संपर्कबिंदू नाहीसा झाला.