खाऱ्या किनाऱ्यावरील गुलाब
सुरतजवळचे हजीरा तापीच्या मुखाशी, खंबातच्या आखाताला लागून आहे. गुलाबाला क्षार सोसत नाहीत. म्हणून अशा खारवट जमिनीत छाट कलम थेट रोवू नये. पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटरची पक्व काडी डोळ्याखाली तिरकी छाटावी. पोयटा माती व गोड्या पाण्याने धुतलेली वाळू समप्रमाणात घेऊन ती सावलीतील कुंडीत रुजवावी. ओल राखावी, पाणी तुंबू देऊ नये. मुळे धरल्यावर शेणखत घातलेल्या उंच गादीवाफ्यावर लावणी करावी. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. रोजच्या वरवरच्या शिंपणाने क्षार मुळांशी साचतात. त्याऐवजी अंतराने भरपूर पाणी दिल्यास ते खाली निचरतात. गोव्यातील खाजणांलगतच्या परसबागांनाही हाच नियम लागू पडतो.